यादीत नसलेली बारव

सातारा जिल्ह्यातल्या जुन्या वास्तूंची यादी कुठे मिळेल, असं कुणालाही विचारा, उत्तर ठरलेलं असतं: "गॅझेटियरमध्ये असेल की." आम्हीही तिथूनच सुरुवात केली. आम्ही म्हणजे चौघं. पाटबंधारे खात्यात आरेखक म्हणून नोकरी करून निवृत्त झालेला मी, गावच्या शाळेतले एक गुरुजी, लग्नाच्या ऑर्डरी घेणारा आणि स्वतःचा ड्रोन असलेला एक फोटोग्राफर, आणि साताऱ्यात इतिहास घेऊन एमए करणारी गुरुजींची पुतणी. संस्था नाही, लेटरहेड नाही. कोरेगाव तालुक्यात आणि जमेल तितकं आजूबाजूला जे जुनं बांधकाम दिसेल त्याची नोंद करायची, एवढंच ठरलं होतं. त्यातलीच एक आमच्या गावची बारव, म्हणजे पायऱ्यांची जुनी विहीर.

मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा, म्हणजे इंग्रज अमदानीतल्या सरकारी माहितीग्रंथाचा, साताऱ्याचा खंड १८८५ सालचा. पुरातत्त्व खात्यातल्या हेन्री कझिन्स यांनी इलाख्यातल्या पुरावशेषांची सुधारित यादी छापली ती १८९७ ची. दोन्ही आज घरबसल्या वाचता येतात. पण वाचताना ध्यानात ठेवायचं की त्यातला सातारा जिल्हा आजचा नव्हे. वाळवा, तासगाव तेव्हा साताऱ्यात होते. १९४९ साली दक्षिण सातारा वेगळा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळालं. उलट फलटण आणि औंध ही तेव्हा संस्थानं होती, ती विलीन झाली १९४८ मध्ये. त्यामुळे जुन्या यादीतली बरीच गावं आता शेजारच्या जिल्ह्याची, आणि आजची कित्येक गावं तिच्यात नाहीतच किंवा ओझरती आहेत. शिवाय साहेबाचं लक्ष किल्ल्यांवर, लेण्यांवर आणि जत्रा भरणाऱ्या देवळांवर. विहीर, वेस, पार, धर्मशाळा यांचा उल्लेख आला तर ओघात आला.

सरकारी संरक्षणाचं गणितही सांगून ठेवतो. महाराष्ट्रात केंद्र आणि राज्य मिळून संरक्षित स्मारकं सातशेच्या घरात. गावं चाळीस हजारांच्या वर. बाकी सगळं जे उभं आहे ते गावकऱ्यांच्या भरवशावर, किंवा कुणाच्याच नाही.

मोजायचं कसं हे शिकण्यासाठी आधी नावाजलेल्या ठिकाणी गेलो. पहिलं लिंब. तिथली बारामोटेची विहीर सगळ्यांनी फोटोत पाहिलेली असते, पण फोटो काढणारे बहुतेक वरच्या महालाच्या कमानीत अडकतात. शिलालेख सांगतो की विरूबाई भोसले यांनी शके १६४१ ते १६४६, म्हणजे १७१९ ते १७२४ या काळात ती बांधवली. मुख्य विहीर अष्टकोनी, तिला जोडून लांबोळकी पायऱ्यांची विहीर, दोहोंच्या मधल्या भागावर छोटा महाल. दारावर शरभ, म्हणजे सिंहासारखे काल्पनिक प्राणी, कोरलेले. पण मला, म्हणजे कालव्यांचे नकाशे काढण्यात हयात गेलेल्या माणसाला, खरं वेड लावलं ते वरच्या कडेनं. मोटा कुठे लागत, पाणी कुठे ओतलं जाई, तिथून पाटाला उतार किती, सगळं दगडात आखून ठेवलेलं. आमराईला पाणी देण्यासाठी उभारलेली ही उपसा सिंचन योजनाच आहे, वर महाल असलेली. आमच्या खात्यात एवढा देखणा पंप हाऊस एकही झाला नाही.

मग वाई. ढोल्या गणपतीचं देऊळ गणपतराव रास्ते यांनी १७६२ मध्ये बांधलं. मूर्तीपुढे सगळे हात जोडतात. मागे जाऊन भिंत बघणारे थोडे. कृष्णेचा पूर अंगावर येतो त्या बाजूची भिंत माशासारखी निमुळती केली आहे, पाणी दुभंगून दोन्ही बाजूंनी जावं म्हणून. पुलाच्या खांबाला आम्ही पाण्याकडे नाक काढतो ते ह्याच हिशेबानं. मेणवलीला नाना फडणविसांचा सहा चौकांचा वाडा आणि घाटावरची ती घंटा: १७३९ च्या वसई मोहिमेतून आणलेली, अंगावर १७०७ साल आणि बाळ येशूला घेतलेली मेरी. देवळाजवळ टांगलेली चर्चची घंटा. गुरुजींच्या पुतणीनं तिथे बसून वहीत तासभर काहीतरी लिहिलं, आम्ही भजी खाल्ली. संगम माहुलीला कृष्णा-वेण्णेच्या संगमावर विश्वेश्वराचं देऊळ, श्रीपतराव पंतप्रतिनिधींनी १७३५ मध्ये बांधलेलं.

ही ठिकाणं का टिकली याचा माझ्यापुरता अंदाज साधा आहे. प्रत्येकाला कुणीतरी रोजचा वाली आहे. गणपतीला पुजारी आणि भाविक, मेणवलीच्या वाड्याला घराणं आणि चित्रीकरणाला येणारी मंडळी, लिंबला आता शनिवार-रविवारची गर्दी. आपल्या गावच्या बारवेला कोण, हा प्रश्न घेऊन परतलो.

आमची बारव गावापासून थोडी बाहेर, ओढ्याच्या अलीकडे, ऊसाच्या मध्ये. नळयोजना झाल्यावर पिण्याचं पाणी बंद, बोअर पडल्यावर शेतीचंही जवळपास बंद. पुढे तिचा उपयोग निर्माल्य टाकायला आणि गणपती बुडवायला. वरून बघितलं तर झुडपांचा एक गोल पुंजका, आत उंबर आणि पिंपळ. उतरायला सतराशे विघ्नं. पण पायऱ्यांवरची माती बाजूला केल्यावर खाली एक कमान लागली, दोन्ही हातांना देवळ्या लागल्या, आणि फोटोग्राफर पहिल्यांदा ड्रोन विसरून नुसता बघत उभा राहिला.

मोजणी हा माझा प्रांत. लेसरचं यंत्र आणलं होतं, पण पानांच्या जाळीत ते कुठल्याही फांदीला मोजतं. शेवटी फीत, ओळंबा आणि पाणी भरलेली पारदर्शक नळी यांवरच काम झालं. नळीच्या दोन टोकांना पाणी एकाच पातळीत येतं, त्याला बॅटरी लागत नाही. आधी तळाचा आराखडा, मग दोन दिशांनी काप, मग प्रत्येक टप्प्यावर पायऱ्या किती, रुंदी किती, उंची किती. फोटो काढताना बाजूला फूटपट्टी रंगवलेली काठी उभी करायची, म्हणजे पुढे कुणालाही आकार कळतो. खालच्या पायऱ्या पाण्याखाली होत्या. तिथे बांबूनं चाचपून खोली घेतली आणि नकाशात तेवढा भाग तुटक रेघेत ठेवला.

वरच्या कडेच्या दगडांचं काम काय, हे मात्र आबांनी सांगितलं. वय नव्वदीकडे झुकलेलं. पोरवयात त्यांनी मोट हाकली आहे. त्यांना खुर्चीसकट उचलून कडेला आणलं.

"ह्यो बग, हितं मोट उपडी व्हायची. ह्ये थारुळं. आन् ह्यी दोन भोकं दिसत्यात न्हवं, त्यात लाकडं उभी. वर चाक, खाली कणा. नाडा चाकावरनं, सोंदूर कण्यावरनं." नाडा म्हणजे मोट ओढायचा जाड दोर, सोंदूर तिच्या सोंडेचा बारीक.

"आणि बैल?"

"बैल काय हवंत चालत्यात व्हय? ती काय धाव!" त्यांनी काठीनं ऊसाकडे दाखवलं. धाव म्हणजे बैल पुढे उतरायचा तो उतार. तो आता कुणाच्यातरी सरीत गेला आहे, पण जमिनीचा ढाळ अजून सांगतो. मी नकाशात तोही घेतला. वास्तूची नोंद करताना नुसती चिऱ्यांची हद्द धरली तर निम्मी विहीर कागदाबाहेर राहते.

काळ कोणता लिहायचा, यावर मात्र गावात बरीच गरमागरमी झाली. शिलालेख नाही. आणि महाराष्ट्रात शिलालेख नसलेलं प्रत्येक काळं बांधकाम तिघांपैकी कुणाचं तरी असतं: हेमाडपंतांचं, अहिल्याबाईंचं किंवा पांडवांचं. पांडवांनी तर एका रात्रीत बांधलेलं. हेमाडपंत म्हणजे तेराव्या शतकातले यादवांचे मंत्री. त्या काळचे कारागीर दार आणि उघडे भाग पेलायला आडवी तुळई घालत, किंवा दगड थोडे थोडे पुढे काढत नेत. आमच्या बारवेला पाचरीसारख्या दगडांची खरीखुरी कमान आहे, मधोमध कळीचा दगड बसवलेली. म्हणजे निदान तेवढा भाग तरी नंतरचा. पुतणीनं नोंदीत लिहिलं: "लेख नाही. बांधणीवरून यादवोत्तर. नंतरची डागडुजी संभवते." सरपंचांना ते फारच मिळमिळीत वाटलं. "पाटीवर काय लिहायचं मग?" हा त्यांचा प्रश्न रास्त होता, पण आम्ही ऐकलं नाही.

बाकीच्या गावांतल्या नोंदी भराभर झाल्या. वेशी बऱ्याच ठिकाणी रस्तारुंदीत गेलेल्या, एखाद्या गावात एकच बुरूज शिल्लक आणि त्याला दूध डेअरी टेकलेली. वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांच्या स्मरणाचे कोरीव दगड, मात्र उदंड. खाली लढाई, मध्ये वीराला नेणाऱ्या अप्सरा, वर शिवलिंगाची पूजा आणि माथ्यावर चंद्र-सूर्य, हे एकदा कळलं की देवळामागे पालथे पडलेले दगडही ओळखू येतात. शेंदूर फासून त्यांचा म्हसोबा झाला असेल तर उलट बरं. त्याला कुणी उचलत नाही. धुण्याचा दगड झालेले वीरगळही पाहिले. तिथल्या बायकांनी आम्हाला हटकलं आणि बरोबर केलं, कारण आम्ही चार अनोळखी माणसं त्यांच्या पाणवठ्यावर दगडांचे फोटो काढत होतो.

लेख सापडले तिथे आम्ही एकच नियम पाळला: हात लावायचा नाही. लोक हौसेनं अक्षरांत ऑइलपेंट भरतात, खडू घासतात, काही ठिकाणी पीठ चोळतात. रंग भरणारा आपल्या समजुतीनं कान्हामात्रा पुढे ओढतो आणि पुढच्या वाचणाऱ्याचं शतकच बदलतं. कागद ओला करून ठसा घेणं जाणकारांचं काम. आम्ही संध्याकाळी अंधार पडल्यावर बाजूनं टॉर्चचा तिरपा उजेड टाकून फोटो घेत होतो. दिवसा सपाट दिसणारा दगड तेव्हा बोलायला लागतो. शकात ७८ मिळवले की इसवी सन, ढोबळमानानं.

आता कागद. कुठलीही वास्तू राज्य संरक्षित व्हावी असं वाटत असेल तर नुसतं निवेदन देऊन भागत नाही, आणि हे आम्हाला पुण्याच्या पुरातत्त्व कार्यालयात पहिल्याच भेटीत नीट समजावून सांगण्यात आलं. १९६० चा महाराष्ट्राचा प्राचीन स्मारकांचा कायदा आहे. प्रस्तावाबरोबर जागेचा नकाशा, सातबारा, मोजमापं, फोटो, ग्रामसभेचा ठराव. मग खात्याची पाहणी. पटलं तर शासन आधी प्राथमिक अधिसूचना काढतं, तिची प्रत वास्तूजवळ ठळक जागी लावतात, हरकतींसाठी दोन महिने, आणि मग अंतिम अधिसूचना. मोजमापं आणि फोटो तयार होते. राहिला सातबारा.

तलाठी भाऊसाहेबांनी स्क्रीनवर उतारा काढला. गट नंबर सापडला, क्षेत्र सापडलं, पोटखराबा सापडला. बारव नाही. इतर हक्कात "सामाईक विहीर" एवढे दोन शब्द आणि हिस्से. गावच्या जुन्या नकाशावर विहिरीची खूण आहे, पण एकत्रीकरणात सर्व्हे नंबरचे गट झाले तेव्हा हद्दीची रेघ नेमकी बारवेच्या तोंडावरून गेलेली. म्हणजे पायऱ्या एकाच्या गटात आणि पाणी दुसऱ्याच्या. हिस्सेदारांतले बरेच वारले. वारस कोण मुंबईत माथाडी, कोण पुण्यात, एक सुरतेला. वारसनोंदी अर्ध्या झालेल्या, अर्ध्या "करू की गणपतीत आलो की" या सदरात. गणपतीत आले, आरत्या झाल्या, सही राहिली. अशी एकेक सही गोळा करताना मला कळलं की बारव एवढी वर्षं टिकली कशी: तिच्यावर हक्क सांगणारे इतके होते की पाडायलाही एकमत होत नव्हतं.

ग्रामसभेत मात्र खरा सामना झाला. बारवेला लागून ज्यांचं रान आणि रानातच घर आहे ते तात्या उभे राहिले. पाण्यातही त्यांचा हिस्सा.

"शंभर मीटरात ईट लावता येत न्हाई म्हणत्यात. माझं घर हाय पस्तीस मीटरवर. उद्या सून आली, खोली काढायची म्हटली तर परवानगीला दिल्लीला जाऊ?"

सभेत हशा झाला, पण प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. शंभर मीटरचा प्रतिबंधित पट्टा आणि त्यापुढे दोनशे मीटरचा नियंत्रित पट्टा ही तरतूद केंद्राच्या संरक्षित स्मारकांसाठीची, २०१० च्या दुरुस्तीतून आलेली. आमचा प्रस्ताव राज्याकडे होता, त्यामुळे त्या आकड्यांची भीती इथे आणून उपयोग नाही, असं मी सांगितलं. संरक्षण आलं की त्याबरोबर काही बंधनं येतातच, हेही सांगितलं. लपवून ठराव करून घेतला असता तर हरकतींच्या दोन महिन्यांत तो उलटलाच असता. तात्या बसले, पण मान हलवली नाही.

मागच्या बाकावरून एक आक्का म्हणाल्या, "आदी त्यात पडनारी पोरं वाचवा. मंग म्हातारा दगड वाचवा." त्यावर कुणाकडे उत्तर नव्हतं. ठराव झाला तो असा: बारव संरक्षित व्हावी, तोंडाला तात्पुरतं कुंपण घालावं, आणि हिस्सेदारांच्या पाणी उपसण्याच्या हक्काला बाध येऊ नये. शेवटची अट तात्यांची. ठराव लिहून झाल्यावर एकानं फरशी बसवून, रंग देऊन, वर पत्रा टाकण्याची सूचना मांडली, ती आम्ही कशीबशी पुढच्या सभेवर ढकलली.

ढकलली याचं कारण शेजारच्या तालुक्यात पाहिलेलं एक काम. गावानं वर्गणी काढून, अगदी मनापासून, आपल्या बारवेचं सुशोभीकरण केलं होतं. प्रत्येक सांध्यात सिमेंट, त्यावर पांढऱ्या रेघा, पायऱ्यांना टाइल्स. दोन पावसाळ्यांत एका बाजूची भिंत पोट काढून पुढे आली. झालं ते असं. अशा बारवेच्या आतल्या भिंती बहुधा कोरड्याच रचलेल्या असतात, सांध्यात चुना नाही. तो आळस नव्हे. मागच्या जमिनीतलं पाणी त्याच सांध्यांतून पाझरून आत यायचं असतं. सांधे बुजवले की पाणी भिंतीमागे तुंबतं आणि दाबानं भिंत ढकलतं. आम्ही धरणाच्या संरक्षक भिंतींना मुद्दाम पाझरभोकं ठेवतो ती याचसाठी. गावकऱ्यांना बोल लावण्यात अर्थ नाही. मिस्त्री सिमेंटचाच मिळतो, दुकानात सिमेंटच मिळतं, आणि सरकारी अंदाजपत्रकाच्या रोजच्या बाबींतही सिमेंटच असतं.

कार्यालयातून पाहणीला एक तरुण बाई आल्या होत्या. बूट काढून ठेवून सरळ खाली उतरल्या. त्यांच्याकडून दोन गोष्टी शिकलो. एक, उंबर उपटायचा नाही. मुळं दगडांच्या मागे हातभर गेलेली असतात. ओढली की चिरे घेऊन येतात. खोड छाटायचं, फुटवा वारंवार काढत राहायचं, मूळ जागच्या जागी मरू द्यायचं आणि मगच तो भाग उतरवून पुन्हा रचायचा. (उंबर छाटायला गावात कुणी तयार होईना, दत्ताचं झाड. शेवटी गुरवांनी नारळ फोडून पहिला घाव घातला.) दुसरी गोष्ट म्हणजे निघालेला प्रत्येक चिरा, पडलेला असला तरी, नंबर टाकून जवळच मांडून ठेवायचा. आमच्याकडे त्यातले काही चिरे आधीच गोठ्यांच्या पायात गेले होते. तीन परत आले.

गाळ काढण्याचं काम उन्हाळ्यात केलं आणि तिथे माझं खातं कामाला आलं. पोरांचा उत्साह असा की दोन मोठ्या मोटारी लावून एका दिवसात पाणी खाली न्यायचं. मी अडून बसलो. विहिरीतलं पाणी आतून भिंतीला टेकू देतं आणि भिंतीमागची माती भिजून जड झालेली असते. आतलं पाणी झपाट्यानं काढलं तर टेकू जातो, मागचा दाब तसाच राहतो, आणि भिंत आत येते. रोज थोडंसं उपसायचं, रात्रभर थांबायचं, सकाळी भिंतीवर केलेल्या खुणा तपासायच्या, हे सगळं कंटाळवाणं पण गरजेचं. खाली उतरण्याआधी कंदील सोडायचा, विझला तर उतरायचं नाही. आणि जळत राहिला तरी सगळे वायू कळत नाहीत, म्हणून उतरणाऱ्याच्या कमरेला दोर आणि वर दोन माणसं कायम. गाळात काय नव्हतं? प्लास्टरच्या गणपतींचे थर, बाटल्या, जुने फूटव्हॉल्व्ह, शाळेच्या बाकाची लोखंडी चौकट. शाळेचा बाक बघून गुरुजींनी हजेरी घेतल्यासारखं सगळ्यांकडे पाहिलं. खतावलेला काळा गाळ शेतकऱ्यांनीच ट्रॉल्या लावून नेला, त्यामुळे वाहतुकीचा खर्च वाचला. गाळ गेल्यावर तळाशी एक झरा मोकळा झाला आणि पाणी, जे महिनोन्‌महिने हिरवं होतं, ते चक्क नितळ झालं.

चुन्याचं काम आम्ही फक्त कमानीपुरतं केलं, तेही बाईंनी सांगितलेल्या पद्धतीनं आणि एका वयस्कर पाथरवटाच्या हातून. कळीचा चुना आणून हौदात विझवला, पाण्याखाली मुरत ठेवला. मग वाळू आणि विटांची सुरखी घालून घाणीत मळला. पूर्वी घाणीला बैल असे, हल्ली मोटार आहे, पण दगडी चाक तेच. भिजवलेल्या हिरड्याचं पाणी आणि गूळ घातला. गूळ बघून पोरं जमली आणि मुंग्याही. सिमेंट सकाळी लावलं की संध्याकाळी कडक होतं, चुना महिनोन्‌महिने हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत हळूहळू दगड होत जातो. सुरुवातीला त्याच्यावर ओलं गोणपाट टाकायचं आणि ऊन लागू द्यायचं नाही. पाथरवटांना मी विचारलं, हे शिकलात कुठे? "वडलांकडं. पर ह्ये काम मागायला तुमच्याआदी कोन आलंच न्हाई." त्यांची दोन्ही मुलं टाइल्स बसवतात.

प्रस्ताव गेला आहे. त्यातलं खात्याकडचं काम खात्याच्या गतीनं चाललं आहे, त्याबद्दल आता लिहिण्यासारखं नाही. दरम्यान जिल्हा नियोजनाच्या निधीतला काही टक्के भाग गड, मंदिरं आणि संरक्षित स्मारकांसाठी ठेवण्याचा शासनाचा निर्णय असल्यानं सरपंचांना आशा आहे. मीही नाही म्हणत नाही. पण संरक्षित हा शिक्का बसेपर्यंत त्या दारात आपल्याला उभं राहता येत नाही, एवढं त्यांना दोनदा सांगून झालंय. २०२५ मध्ये प्रतापगड जागतिक वारसा यादीत गेला तेव्हा गावात पेढे वाटले गेले, आणि त्याच आठवड्यात "आपली कधी?" असं मला तिघांनी विचारलं.

सध्याची अडचण वेगळीच आहे, आणि ती दगडाची नाही. बारवेकडे जायला रस्ता नाही. पूर्वी मोटेचे बैल जात तीच वाट, ती धावेबरोबर ऊसात गेली. साफसफाईच्या वेळी ऊस तुटलेला होता म्हणून ट्रॉल्या आल्या. आता ऊस उभा आहे आणि माणूस आडवा होऊन जातो. तहसीलदारांकडे जायचं तर दोन वाटा. असलेला रस्ता अडवला असेल तर १९०६ चा मामलेदार न्यायालय कायदा. बांधावरून नवा रस्ता मागायचा असेल तर जमीन महसूल संहितेचं कलम १४३. पण दोन्हींचा रोख शेतकऱ्याला आपल्या शेतात जाता यावं यावर. बारव बघायला येणाऱ्यांना, किंवा ग्रामसभेच्या ठरावाला, त्यात जागा नाही. अर्ज खातेदाराचा हवा, आणि त्याला खरोखर तिथे जायची गरज हवी.

मुंबई-पुण्याचे वारस त्यात बसत नाहीत. गावात राहणारे, पाण्यात हिस्सा असलेले आणि पलीकडच्या बांधापाशी ज्यांचा रानाचा तुकडा अडकला आहे असे एकच खातेदार आहेत. तात्या. झरा मोकळा झाल्यापासून त्यांची मोटार तिथे रोज चालते आणि मोटारीकडे जाताना ऊसाच्या पात्यांनी त्यांचे हात कापतात. गेल्या आठवड्यात त्यांनी आपण होऊन हाक मारली.

"अर्ज तुमी लिवा, सही मी करतो," म्हणाले. "पर त्यात शंभर मीटरचं कायबी नगं."

मी अर्ज लिहिला आहे. नकाशाची प्रत जोडली आहे, धाव तुटक रेघेत दाखवून. सोमवारी कोरेगावला जायचं आहे.